लाँगसोर्डचा सराव: कोणत्या तलवारीने काय शिकायचं

लाँगसोर्ड ही युरोपातली दोनहाती तलवार शिकायला निघालेला जवळपास प्रत्येक जण सगळ्यात आधी विचारतो, "कोणती तलवार घेऊ?" त्याचं उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की केलेली बरी. सरावाची कुठलीही तलवार खऱ्या तलवारीसारखी पूर्णपणे वागत नाही. लाकडी तलवार एक गोष्ट नीट शिकवते आणि दुसरीत फसवते. नायलॉनची तलवार तिसऱ्याच ठिकाणी फसवते, बोथट पोलादाची आणखी कुठेतरी. धारेची तलवार सगळं खरं दाखवते, पण तिने जोडीदाराशी मोकळं खेळता येत नाही. त्यामुळे हातातलं साधन नेमकं कुठे फसवतंय हे ओळखून सराव करावा लागतो. तेवढं जमलं तर साध्या काठीनेही पुष्कळ शिकता येतं, आणि नाही जमलं तर महागड्या तलवारीनेही हाताला चुकीचं वळण लागतं.

युरोपातल्या जुन्या वस्तादांनाही हा पेच पडलेला होता. १५७५ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या अँजेलो विज्जानीच्या संवादरूप ग्रंथात एक पात्र ठासून सांगतं, की सरावाच्या बोथट तलवारीने खरं धाडस अंगी येत नाही, हातात धारेचीच तलवार हवी. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या परंपरेत तर खेळाच्या तलवारीचे डाव आणि धारेच्या तलवारीचे डाव वेगवेगळे सांगितलेले आहेत.

आधी ग्रंथ ठरवा

लाँगसोर्ड म्हणजे दोन्ही हातांनी धरायची, सरळ, दुधारी, लांब मुठीची तलवार. तिची गुरुशिष्य परंपरा युरोपात तुटली. आज जे लोक ती खेळतात ते जुनी हस्तलिखितं आणि छापील ग्रंथ वाचून, त्यातला एकेक डाव हातात तलवार घेऊन तपासत आलेले आहेत. ऑलिंपिकमधल्या फेन्सिंगशी तिचं नातं दूरचं आहे. तिथे एका रेषेत पुढे-मागे खेळतात, शस्त्र हलकं आणि एकहाती असतं, गुण विजेच्या यंत्रावर मोजले जातात. इथे बाजूला सरकायचं असतं, पातं दाबायचं असतं, जवळ गेलात तर हात पकडून पाडायचंही असतं.

हाती आलेल्या ग्रंथांतला सगळ्यात जुना म्हणजे आय.३३ या क्रमांकाने ओळखलं जाणारं हस्तलिखित. ते चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं असून इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. त्यात एक धर्मगुरू शिष्याला एकहाती तलवार आणि मुठीएवढी छोटी ढाल शिकवतो, आणि शेवटच्या पानांवर वाल्पुर्गिस नावाची एक स्त्रीही तलवार घेऊन उभी आहे. मर्दानी खेळात फरी-गदगा खेळलेल्या माणसाने ती चित्रं जरूर पाहावीत. लहान ढाल पुढे काढून तलवारीचा हात झाकायचा हा विचार त्याला लगेच ओळखीचा वाटेल.

लाँगसोर्डसाठी मुख्य वाटा दोन. एक जर्मन, योहानेस लिख्तेनाउअरची. तो चौदाव्या शतकातला. त्याने आपली विद्या मुद्दाम कूट पद्यांत बांधली आणि पुढच्या शतकातल्या वस्तादांनी त्यावर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी भाष्यं, लिहिली. त्यातली १४५२ ची एक प्रत रोममध्ये आहे आणि रिंगेक या वस्तादाच्या नावावरची एक ड्रेस्डेनमध्ये. दुसरी वाट इटालियन, फ्रिउली प्रांतातल्या फिओरे दे लिबेरीची. त्याचा ग्रंथ साधारण १४१० च्या सुमाराचा, आणि त्याची एक सुंदर प्रत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यात माणसाच्या भोवती चार प्राणी काढलेले आहेत. लिंक्स हे डोळस अंदाजाचं चिन्ह, वाघ चपळाईचं, सिंह धाडसाचं आणि हत्ती भक्कम उभं राहण्याचं. याशिवाय १५७० साली स्ट्रासबर्गमध्ये निघालेला योआखिम मायरचा जाडजूड छापील ग्रंथ आहे.

या बहुतेकांचे इंग्रजी अनुवाद आणि मूळ पानांचे फोटो 'विक्टेनाउअर' या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतात. नवशिक्याने लिख्तेनाउअरच्या टीका किंवा फिओरे, यांतलं एक धरावं आणि वर्षभर सोडू नये. दोन्हीकडचं थोडं थोडं उचलणारा माणूस कुठलाच डाव शेवटपर्यंत नेत नाही.

ग्रंथ आधी ठरवायचा कारण तलवार त्यावरून ठरते. मायर स्वतःच सांगतो, की त्याच्या काळी जर्मन लोक लाँगसोर्डच्या खेळात भोसकत नसत. म्हणून त्याचा खेळ रुंद, फिरता, वारांवर वार असा आहे आणि त्याला लांब, चपळ, बोथट तलवार शोभते. फिओरे मात्र टोक रोवतो, मूठ पकडतो, चिलखत घातलेल्याशीही लढतो. त्याच्यासाठी पातं थोडं आखूड आणि ताठ असलेलं बरं. लिख्तेनाउअरच्या टीका या दोहोंच्या मध्ये बसतात, म्हणून पहिल्या खरेदीला त्या सोयीच्या.

तलवारीआधी मास्क आणि हातमोजे

पैसे मोजके असतील तर खरेदीचा क्रम असा ठेवा: मास्क, गळ्याचा गार्ड, हातमोजे, मग तलवार, मग जॅकेट आणि बाकीचं. जोडीदाराशी काहीही करायच्या आधी पहिल्या दोन वस्तू अंगावर हव्यातच, हातातली तलवार लाकडाची असो की नायलॉनची.

मास्क फेन्सिंगचाच हवा. क्रिकेटचं हेल्मेट चालेल का, असं आपल्याकडे हमखास विचारतात. चालणार नाही. त्याची जाळी चेंडू अडवण्यासाठी आहे, दोन पट्ट्यांमधून तलवारीचं टोक सहज आत जातं आणि समोर डोळा असतो. फेन्सिंगच्या मास्कवर ३५० किंवा १६०० न्यूटन असा आकडा असतो. तो आकडा टोक घुसण्याला कापड किती दाद देतं त्याचा आहे, डोक्यावर बसणाऱ्या दणक्याचा नाही. शिवाय या मास्कचा मागचा भाग उघडा असतो, कारण खेळाच्या फेन्सिंगमध्ये तिथे वार बसत नाही. लाँगसोर्डमध्ये बसतो. म्हणून मास्कवर चढवायचं जाड आवरण आणि डोक्याच्या मागचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

हातमोज्यांवर कंजुषी करू नका. या खेळात सगळ्यात जास्त मार बोटांना बसतो, त्यातही अंगठ्याला. क्रिकेटचे बॅटिंग ग्लव्ह्ज नायलॉनच्या तलवारीने सावकाश कवायत करायला चालून जातात, पण बोटांची टोकं आणि अंगठ्याची आतली बाजू त्यात उघडी राहते. पोलादी तलवार हातात आली की बोटांवर कडक कवच असलेले, याच खेळासाठी बनवलेले मोजे हवेत. पोलंडच्या स्पेससारख्या कंपन्या ते बनवतात. मागवायच्या आधी तळहाताचा घेर मोजून पाठवा, कारण सैल मोज्यात मूठ फिरते आणि घट्ट मोज्यात अंगठा वळत नाही.

कोपर आणि गुडघ्यांसाठी मोटारसायकलवाल्यांचे गार्ड उत्तम काम करतात आणि ते कुठल्याही शहरात मिळतात. ॲब्डॉमेन गार्ड क्रिकेटचा घ्या. जॅकेट ३५० न्यूटनचं पुरतं, ८०० चं मिळालं तर अधिक चांगलं. पण विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हे जाड जॅकेट आणि मास्क घालून खेळणं धोक्याचं आहे. पहाटे खेळा, दर दोन-तीन फेऱ्यांनी मास्क काढा, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा, आणि कुणी अडखळत बोलायला लागला की त्याचा खेळ तिथेच थांबवा.

कायद्याचं तेवढं पाहून घ्या

भारतात शस्त्रनियम २०१६ मध्ये तलवारींसह ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं एका वेगळ्या वर्गात घातलेली आहेत, आणि सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत त्यांना परवाना लागतो. सरावाचं पातं धारदार नसतं, पण लांबून पाहणाऱ्याला तो फरक दिसत नाही. त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावारांच्या आणि निवडणुकांच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात काठ्या-लाठ्याही येतात. म्हणून सराव सुरू करायच्या आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन बोला, खरेदीची पावती जपून ठेवा, आणि तलवार नेहमी बंद पिशवीतून न्या. गच्चीवर सराव करणार असाल तर सोसायटीला आधी सांगा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथली ५० सेंटिमीटरवरची बंदी वाकड्या पात्याच्या तलवारींवर आहे, लाँगसोर्डसारख्या सरळ दुधारी तलवारींवर नाही. तरी रस्त्याने नेताना योग्य कारण दाखवता आलं पाहिजे.

लाकूड, नायलॉन, पोलाद

लाकडी तलवार सुताराकडून करून घेता येते. शिसव किंवा बाभूळ घ्या. अवजारांचे दांडे बाभळीचे करतात ते तिच्या चिवटपणामुळेच. सागवान दिसायला छान, पण मारामारीत त्याच्या कपच्या उडतात. लाकडाची रेषा पात्याच्या लांबीत सरळ धावणारी हवी, गाठ कुठेच नको. तयार झाल्यावर जवसाचं तेल दोन-तीन हात मुरवा. या तलवारीने पाय, पवित्रे आणि वाराची दिशा उत्तम शिकता येते. ती फसवते ते पात्याला पातं भिडल्यावर. जाड गोल कडा एकमेकींवरून घसरतात आणि दाब कुठे आहे ते हाताला कळत नाही. शिवाय लाकूड अजिबात वाकत नाही, म्हणून जोडीदाराच्या अंगावर टोक रोवण्याचा सराव लाकडाने करूच नका.

नायलॉनची तलवार स्वस्त, टिकाऊ आणि पावसात न गंजणारी. नव्या गटाला सुरुवातीला चार-सहा तलवारी एकदम लागतात तेव्हा हाच मार्ग परवडतो. पण ती हलकी असते, पातं लवचीक असतं, आणि भिडली की उसळून परत येते. फक्त नायलॉनवर वाढलेला खेळाडू लगेच ओळखू येतो. पातं भिडताक्षणी तो काढून घेतो आणि दुसरीकडे मारतो, कारण त्याच्या तलवारीने त्याला तिथे थांबायला कधी शिकवलेलंच नसतं. नायलॉन वापरा, पण वर्ष-दीड वर्षात पोलादाकडे जायचं हे धरून चाला.

पोलादी सरावाची मुख्य तलवार म्हणजे फेडर. ही आजची युक्ती नाही. मायरच्या चित्रांत हीच तलवार दिसते. अरुंद लवचीक पातं, आणि मुठीजवळ क्रॉसगार्डच्या, म्हणजे मुठीवरच्या आडव्या दांडीच्या, लगेच पुढे पातं एकदम रुंद झालेलं. त्या रुंद भागाला शिल्ट म्हणतात. वजन मुठीजवळ राहावं आणि टोकाकडचं पातं बारीक, वाकणारं ठेवता यावं, यासाठी ती रचना. टोक रोवलं की फेडर धनुष्यासारखं वाकतं, म्हणून त्याने भोसकण्याचा सराव सुरक्षितपणे होतो. भिडल्यावर दाबही कळतो. ते फसवतं ते एका बारीक जागी. धारेला धार भिडली की दोन्ही पाती एकमेकांत किंचित रुततात आणि तिथेच थांबतात. फेडरची बोथट कड रुतत नाही, सरकते. त्यामुळे फेडरवर तुमचं टोक बाजूला घसरतं आणि डाव चुकला असं वाटतं, खरं तर साधनाने दगा दिलेला असतो.

ही उणीव भरून काढायला काही क्लब धारेच्या तलवारी अगदी सावकाश, शिक्षकाच्या देखरेखीखाली, एकमेकांना फक्त भिडवून पाहतात. धार कशी रुतते हे हाताला एकदा कळलं, की फेडर हातात घेतल्यावरही तुम्ही तिथे थांबायला शिकता. हे घरी, एकट्याने किंवा नवख्या जोडीदारासोबत करायचं नाही.

आणि शोभेच्या दुकानातली चकचकीत स्टेनलेसची तलवार सरावाला अजिबात नको. तिचं पातं मुठीच्या आत पातळ सळईवर जोडलेलं असतं. जोरात फिरवली की पातं मुठीतून सुटून उडतं.

फेडर विकत घेताना

लांबीचा जुना नियम फिलिप्पो वादी या इटालियन वस्तादाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवलाय. टोक जमिनीवर टेकवलं की मुठीचं टोक काखेपर्यंत यावं. साडेपाच फुटांच्या माणसाला ही लांबी अदमासे १२५ सेंटिमीटर येते. बाजारात बहुतेक फेडर १२५ ते १३५ सेंटिमीटरच्या दरम्यान मिळतात, म्हणून सरासरी मराठी उंचीच्या माणसाने दुकानातलं सगळ्यात आखूड माप आधी पाहावं. ऐटीसाठी लांब घेतलेली तलवार जमिनीला घासते आणि डाव्या बाजूचे पवित्रे बिघडवते.

वजन १.३ ते १.६ किलो. खऱ्या जुन्या लाँगसोर्डही बहुतेक याच आसपासच्या होत्या. तोल पाहण्यासाठी पातं एका बोटावर आडवं ठेवा. क्रॉसगार्डपासून चार-पाच बोटांवर तोल आला तर तलवार पहिल्या वर्षात हाताला त्रास देणार नाही. त्याहून पुढे असेल तर वार जड बसतो आणि थांबवता येत नाही, अगदी मुठीशी असेल तर टोक भरकटतं.

लवचीकपणा तपासायला वजनकाटा पुरतो. टोक काट्यावर टेकवून वरून सरळ दाबा आणि पातं वाकताना आकडा किती होता ते पाहा. १० ते १४ किलोच्या आत पातं वाकलं पाहिजे, आणि वाकताना पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात सुरेख कमान आली पाहिजे. दाब काढल्यावर ते पूर्ण सरळ होतं का ते डोळ्याच्या रेषेत धरून बघा. कडेची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास हवी, आणि टोक पसरट, वळवलेलं किंवा गोल गुंडाळलेलं हवं. वर रबराची किंवा चामड्याची टोपी बसवा.

पोलाद स्प्रिंग स्टीलच हवं. हंगेरीच्या रेगेन्येईसारखे कारागीर वर्षानुवर्षं फेडर बनवत आलेत, आणि आपल्या देहरादूनची विंडलास जगभर तलवारी पाठवते. कुणाकडूनही घ्या, पण 'बोथट प्रदर्शनाची तलवार' आणि 'स्पारिंगची फेडर', म्हणजे जोडीदाराशी मोकळं खेळायची, या वेगळ्या वस्तू आहेत, ऑर्डर देताना दुसरीच हवी हे लेखी कळवा. परदेशातून मागवत असाल तर आधी कस्टम्सची चौकशी करून घ्या.

पाय, पवित्रे, पहिला वार

घरात सराव करणार असाल तर आधी छताचा पंखा बघा. सव्वाशे सेंटिमीटरची तलवार डोक्यावर उचलली की दहा फुटी छत पुरत नाही. घरात हातभर काठी वापरा आणि पूर्ण लांबीचा सराव मैदानात किंवा गच्चीवर करा. गुळगुळीत फरशीवर सपाट, पकड असलेले बूट घाला.

पहिला महिना पायांचा. खांद्याएवढं अंतर, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. मागचा पाय पुढे टाकून चालायचं, पण रेषेत नाही, थोडं तिरकं. जमिनीवर खडूने त्रिकोण काढा. समोरचा तुमच्याकडे सरळ येतोय असं धरून त्याच्या रेषेतून बाहेर पाऊल टाका. मर्दानी खेळाचे पवित्रे केलेल्यांना इथे फार फायदा होतो. त्यांची कंबर खाली राहते आणि पाय आपोआप वळतात.

लिख्तेनाउअरच्या परंपरेत मुख्य पवित्रे चार. पहिला 'फोम टाग', तलवार उजव्या खांद्यावर किंवा डोक्यावर उंच, वार सोडायला तयार. दुसरा 'ओक्स', म्हणजे बैल. मूठ डोक्याच्या बाजूला, टोक समोरच्याच्या तोंडावर रोखलेलं, शिंगासारखं. तिसरा 'प्फ्लूग', म्हणजे नांगर. मूठ कमरेशी, टोक वर समोरच्याच्या छातीकडे किंवा तोंडाकडे. चौथा 'आल्बर', टोक जमिनीकडे, हात पुढे लांब, समोरच्याला वार करायला बोलावणारा. पवित्रा म्हणजे पुतळ्यासारखं उभं राहण्याची जागा नव्हे. प्रत्येक वार एका पवित्र्यात सुरू होतो आणि दुसऱ्यात संपतो. आरशासमोर एका पवित्र्यातून वार करून दुसऱ्यात पोचा, थांबा, बघा: टोक कुठे आहे, कोपरं लॉक झालीत का, मागची टाच कुठे पाहतेय.

वार करताना आधी तलवार निघते, मग पाय. आधी पाऊल टाकून मग मारणारा माणूस आपलं डोकं समोरच्याच्या टप्प्यात नेऊन ठेवतो आणि त्याची तलवार अजून खांद्यावरच असते. उजवीकडून वार असेल तर उजवा पाय वारासोबत पुढे येतो. डावा हात मुठीचं टोक खेचतो, उजवा दिशा देतो. दोन्ही हातांनी ढकललं की वार जमिनीत जातो. धार वाराच्या दिशेत आहे की नाही हे कानाने कळतं. पातं नीट सुटलं तर स्पष्ट सूं आवाज येतो, तिरकं सुटलं तर नुसती फडफड होते. नायलॉनवर हा आवाज धड येत नाही, म्हणून याचा सराव पोलादावर करा.

खांबावर वार करायचा सरावही जुना आहे. रोमन लेखक व्हेजेशियस सांगतो, की नव्या सैनिकांना दुप्पट वजनाची लाकडी शस्त्रं देऊन खांबाशी लढवत. खांब जरूर करा, त्याला जुना टायर बांधा, पण दुप्पट वजन नको. लाँगसोर्डचे फिरते वार जड तलवारीने केले की कोपरं दुखावतात आणि दुखणं महिनोन्महिने जात नाही.

पात्याला पातं भिडल्यावर

इथे या विद्येचा जीव आहे, म्हणून एकच डाव नीट उलगडून सांगतो. त्याला 'त्सोर्नहाउ' म्हणतात, रागाचा वार. साध्या, रागावलेल्या माणसाच्या हातून सहज निघतो तसा उजव्या खांद्यावरून तिरका खाली येणारा.

समोरचा उजवीकडून तुमच्या डोक्यावर वार करतो. तुम्ही मागे सरकत नाही, नुसतं अडवतही नाही. तुम्हीही उजव्या खांद्यावरून त्याच्या पात्यावर जोराने वार करता, उजवं पाऊल टाकत. दोन्ही पाती मध्ये भिडतात. तुमचं टोक या क्षणी त्याच्या तोंडाकडे किंवा छातीकडे असलं पाहिजे. ते बाजूला गेलेलं असेल तर वार फार लांब सोडला असं समजा आणि परत सुरू करा.

आता हात काय सांगतो ते ऐकायचं. पतंगाच्या दोरीवरून वारा कळतो, तसं पात्यावरून समोरचा मऊ आहे की ताठ आहे ते कळायला हवं. तो मऊ असेल, म्हणजे त्याचं पातं दाब देत नसेल, तर तिथूनच टोक सरळ पुढे रोवा. तो ताठ असेल, तुमचं टोक बाजूला ढकलत असेल, तर त्याच्याशी जोर लावू नका. पातं त्याच्या पात्यावरून वर काढा आणि दुसऱ्या बाजूने डोक्यावर मारा. त्याने तेही ओळखून परत जोर धरला, तर पात्यावरच राहा, मूठ डोक्यासमोर वर फिरवा आणि वरून टोक आत घाला. हा निर्णय भिडण्याच्या त्याच क्षणी व्हायला हवा. लिख्तेनाउअरच्या टीकांमध्ये त्या क्षणाला 'इंडेस' म्हणतात आणि त्यावर ते पुन्हा पुन्हा बोट ठेवतात.

सराव असा करा. जोडीदार वार करेल आणि भिडल्यावर त्याला वाटेल तसा मऊ किंवा ताठ राहील, तुम्हाला न सांगता. तुम्ही भिडल्यावर डोळे मिटून एक श्वास थांबा आणि तोंडाने "मऊ" किंवा "ताठ" म्हणा. मग डाव पुरा करा. दोघांनीही मास्क घातलेले हवेत. चार-पाच आठवडे हे केलं की थांबायचा अवधी आपोआप आखडत जातो. मग डोळे उघडे ठेवून, मग पायांसह, मग वेगाने. हा सराव लाकडावर होत नाही, नायलॉनवर अर्धाच होतो. फेडर विकत घ्यायचं खरं कारण हेच.

मोकळा खेळ

स्पारिंगची घाई करू नका आणि ते फार टाळूही नका. तीन-चार महिन्यांच्या पायांच्या आणि जोडीच्या कवायतीनंतर, अर्ध्या वेगाने सुरू करा. सुरू करायच्या आधी दोघांनी एकमेकांच्या मास्कची जाळी अंगठ्याने दाबून पाहावी, गळ्याचा गार्ड पाहावा, तलवारीच्या टोकाची टोपी पाहावी. "थांबा" हा शब्द कुणीही, बाहेर उभ्या असलेल्यानेही, उच्चारला की दोन्ही तलवारी खाली.

सगळ्यात मोठी खोड म्हणजे दोघांनी एकदम एकमेकांना मारणं. धारेची तलवार असती तर दोघेही गेले असते, पण नायलॉन आणि जाड जॅकेट असल्यावर ती भीती उरत नाही आणि लोक एकमेकांवर धावत सुटतात. इथेही साधनच फसवतंय. उपाय नियमात आहे. वार बसल्यानंतर मारणाऱ्याने तलवार समोर धरून दोन पावलं बाहेर पडायचं, आणि बाहेर पडता-पडता त्याला उलटा वार बसला तर त्याचा गुण रद्द. दोघांना एकदम बसलं तर दोघांचाही एक गुण वजा. हा नियम महिनाभर लावला की खेळ बदललेला स्पष्ट दिसतो. माणसं आधी समोरची तलवार बाजूला करतात, मग मारतात.

वेग वाढवताना जोर वाढवू नका. जोडीदाराच्या हातावर काळानिळा वळ उठला तर तुम्हाला वार थांबवता येत नव्हता असं समजा. आठवड्यातून दोनदा जोडीने आणि रोज वीस मिनिटं एकट्याने पाय-पवित्रे, एवढं बहुतेकांना झेपतं. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना हे सोपं आहे. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत क्लब आहेत, आधी तिथे जा, त्यांचीच तलवार वापरा आणि खरेदी मग करा. इथे जोडीदार सापडत नसेल तर जवळच्या फेन्सिंगच्या किंवा मर्दानी खेळाच्या वर्गात पाय घट्ट करून घ्या. अंतर ओळखणं तिन्हीकडे एकसारखंच शिकावं लागतं.

पावसाळा, गंज आणि कानस

फेडर स्टेनलेस नसतं, त्यामुळे ते गंजतं. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये एका रात्रीत पात्यावर लाल ठिपके उठतात. प्रत्येक सरावानंतर कोरड्या फडक्याने घाम पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या, आणि तलवार चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. ठिपके उठलेच तर बारीक पॉलिश पेपर पात्याच्या लांबीत चालवा, आडवा नाही.

भिडून भिडून कडेला बारीक कंगोरे उठतात. ते हातमोजे फाडतात आणि त्वचा कापतात. सराव संपला की पात्याच्या कडेवरून कापूस फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे कंगोरा आहे. बारीक कानस घेऊन तो गोल करा, पण कड पातळ करू नका. पातं थोडं वाकलेलं राहिलं तर बुटाखाली धरून हळूहळू सरळ करता येतं. तेच तेच पातं पुन्हा त्याच जागी वाकत असेल तर ते थकलंय. आडवी चीर दिसली, केसाएवढी का असेना, तर वेल्डिंगला नेऊ नका. ते पातं खेळातून कायमचं काढा, आणि भंगारात देण्याआधी ग्राइंडरने दोन तुकडे करून द्या, म्हणजे ते उचलून दुसरं कुणी खेळायला घेणार नाही.